अवकाशातल्या वस्तीत कुजवायचे कोणी? जैविक पुनर्चक्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या शाळांत आणि वाचनालयांत या विषयावर बोलायला गेलो की व्याख्यानानंतरची चर्चा व्याख्यानापेक्षा लांबते. विचारणाऱ्यांत आठवीची मुले असतात, बागायतदार असतात, निवृत्त शिक्षक असतात. त्यांचे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरे इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांना कुतूहल असते ते अवकाशात झाडे कशी उगवतील याचे. माझे लक्ष त्याहून जास्त कुजण्याकडे असते, कारण अशा वस्त्यांचे आजवरचे बहुतेक प्रयोग तिथेच अडले आहेत.

जैविक पुनर्चक्रण म्हणजे नेमके काय?

माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, लघवी आणि विष्ठा टाकतो, घाम गाळतो, जेवणाचे उष्टे-खरकटे मागे ठेवतो. वनस्पती, शेवाळे आणि जिवाणू यांच्या मदतीने या सगळ्यापासून पुन्हा हवा, पाणी आणि अन्न तयार करायचे, आणि तेही बंद जागेत, बाहेरून शक्य तेवढे कमी आणून, याला जैविक पुनर्चक्रण म्हणतात. पृथ्वीवर हे काम आपोआप चालते म्हणून आपल्याला ते दिसत नाही. चंद्रावर किंवा मंगळावर त्यातली प्रत्येक पायरी कोणीतरी मुद्दाम उभी करावी लागेल.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हे आधीच होते ना?

पुनर्चक्रण होते, पण ते बहुतांशी यंत्रांनी आणि रसायनांनी. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पुन्हा पिण्याचे पाणी करतात. २०२३ मध्ये नासाने यात ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचे जाहीर केले. प्राणवायू पाण्याच्या विद्युत विघटनातून येतो. उरलेल्या हायड्रोजनची कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया घडवून थोडे पाणी परत मिळवतात. त्याला साबातिये अभिक्रिया म्हणतात. तिच्यात तयार होणारा मिथेन अवकाशात सोडून देतात आणि त्याच्याबरोबर हायड्रोजनही जातो. त्यामुळे श्वासातून गेलेल्या प्राणवायूपैकी साधारण निम्माच परत हाती लागतो.

अन्न मात्र जवळजवळ सगळे पृथ्वीवरून जाते. विष्ठा डब्यांत भरून मालवाहू यानात ठेवतात आणि ते यान परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जाते. चारशे किलोमीटरवर हे चालते, कारण दर काही महिन्यांनी मालवाहू यान येते. मंगळाच्या वाटेवर तशी सोय नसेल.

मग सगळे अन्न एकदाच भरून का नेत नाहीत?

हिशेब करून बघू. एका अंतराळवीराला दिवसाला वेष्टनासह सुमारे १.८ किलो अन्न लागते. चार माणसे आणि जाऊन-येऊन सुमारे हजार दिवसांची मंगळ मोहीम धरली तर सात टनांहून जास्त. एका मोहिमेपुरते हे नेता येईलही. पण अन्न साठवणीत क जीवनसत्त्व आणि थायमिन हळूहळू कमी होत जातात. आणि कायमची वस्ती करायची असेल तर साठ्याचा विचारच निरुपयोगी ठरतो. जे आहे तेच पुन्हा-पुन्हा वापरावे लागते.

प्राणवायू माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो आणि तो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. 

एका माणसासाठी किती झाडे लागतील?

'झाडे' म्हणू नका, 'उजेडाखालची पिके' म्हणा. कारण सावकाश वाढणाऱ्या झाडाचा इथे फारसा उपयोग नाही. भरपूर प्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दिला तर एका माणसाचा प्राणवायू २० ते २५ चौरस मीटर पिकातून निघतो. सगळे अन्नही त्यातूनच हवे असेल तर ४० ते ५० चौरस मीटर धरतात. जागा फार नाही. गावातल्या एखाद्या घराच्या अंगणाएवढी. अडचण उजेडाची आहे. चंद्रावर बहुतेक ठिकाणी साधारण चौदा दिवस सलग ऊन आणि चौदा दिवस सलग रात्र असते. मंगळावर पोचणारा सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे ४३ टक्के. म्हणजे एलईडी दिवे लावावे लागतात आणि एका माणसाच्या पिकांसाठीच कित्येक किलोवॉट वीज सतत द्यावी लागते. वीज गेली की पिकांचा प्राणवायू थांबतो, पण पीक आणि माणसे श्वास घेतच राहतात.

नारळ, काजू, आंबा?

नाही. फळाला वर्षे लागतात, खोड आणि मुळे खाता येत नाहीत, आणि तेवढे लाकूड कुजवायला आणखी वर्षे. गहू, बटाटा, सोयाबीन, पालेभाज्या, टोमॅटो ही या कामाची पिके.

शेवाळे जास्त सोपी नाहीत का?

हवेच्या बाबतीत नक्कीच. सोव्हिएत संघातल्या क्रास्नोयार्स्क इथल्या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात दाखवून दिले की क्लोरेल्ला नावाच्या हिरव्या शेवाळाचा सुमारे आठ चौरस मीटर प्रकाशित पृष्ठभाग एका माणसाची हवा सांभाळू शकतो. शेवाळाला देठ नाही, साल नाही, पेरणी-कापणीचा हंगाम नाही. पण क्लोरेल्लाच्या पेशीची भिंत जाड असते, ती नीट पचत नाही. शिवाय त्यात प्रथिने फार आणि पिष्ट कमी. रोजचे जेवण म्हणून ते चालत नाही.

म्हणून त्याच क्रास्नोयार्स्कमध्ये बायोस-३ बांधताना गहू आणि भाज्या आत आणल्या. ३१५ घनमीटरची ती जमिनीखालची पोलादी वास्तू होती. १९७२-७३ मध्ये तिथे तीन-तीन जणांनी मिळून १८० दिवस काढले. हवा जवळजवळ संपूर्णपणे आतच तयार होत होती, पाण्याचाही बराच भाग फिरत होता. तेलासाठी त्यांनी चुफा नावाचा मोथ्याच्या जातीचा कंद लावला होता. प्रथिनांचा मोठा भाग मात्र वाळवलेल्या मांसाच्या रूपात बाहेरून येत होता, आणि विष्ठेचे पुनर्चक्रण पूर्ण होत नव्हते. बायोस-३ विषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. माझ्या मते या क्षेत्रातले सगळ्यात प्रामाणिक काम तेच.

बायोस्फियर-२ फसले, मग हा नाद कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या ओरॅकल गावाजवळ बायोस्फियर-२ नावाची १.२७ हेक्टरची बंद काचेची वास्तू उभी केली. आत पावसाळी जंगल, छोटा समुद्र, दलदल, वाळवंट आणि शेत. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आली. त्यांनी आपल्या अन्नाचा बहुतांश भाग आतच पिकवला. पण हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून हळूहळू घसरत सुमारे १४.५ टक्क्यांवर आला. समुद्रसपाटीवरून एकदम चार हजार मीटर उंचीवर गेल्यावर जसे होते तसे त्या माणसांचे झाले. जिना चढताना दम लागे, झोप नीट होत नसे. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

कारण शोधायला काही काळ गेला. शेतातली माती सेंद्रिय खताने भरपूर समृद्ध केली होती, पिके जोमाने यावीत म्हणून. त्या मातीतले जिवाणू खत कुजवत होते आणि त्यासाठी प्राणवायू घेत होते, पिके देत होती त्यापेक्षा जास्त. तसे असेल तर कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढलेला दिसायला हवा होता, आणि तो दिसत नव्हता. शेवटी उलगडा झाला की नवीन काँक्रीटच्या भिंती तो शोषून घेत होत्या. काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनत होते. म्हणजे माणसांचा प्राणवायू भिंतीत अडकला होता.

याला फसणे म्हणावे असे मला वाटत नाही. दोन वर्षे मोजमाप झाले नसते तर भिंत हाही चक्रातला एक घटक आहे हे कागदावर कोणाला सुचले असते? पण त्यातून घ्यायचा धडा नेमका आहे. पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायूचा साठा एवढा प्रचंड आहे की कुजणे आणि वाढणे यांचा ताळमेळ काही वर्षे चुकला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. बंद वास्तूत साठा लहान असतो, त्यामुळे तीच चूक काही महिन्यांत, छोट्या यानात तर काही दिवसांत, नाकाशी येते. म्हणून कुजण्याचा वेग मोजता आणि कमी-जास्त करता आला पाहिजे. नुसती चांगली माती भरून भागत नाही.

कुजण्याचा वेग ताब्यात कसा ठेवायचा?

युरोपीय अवकाश संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याच मागे आहे. एखाद्या तळ्यात तळाच्या गाळापासून पृष्ठभागापर्यंत जे थर असतात, ते त्यांनी वेगळे काढून वेगवेगळ्या बंद टाक्यांत ठेवले. पहिल्या टाकीत सुमारे ५५ अंश सेल्सियसला, प्राणवायूशिवाय, जिवाणू विष्ठा आणि पिकांचा कचरा फोडतात. त्यातून निघालेली सेंद्रिय आम्ले दुसऱ्या टाकीत प्रकाशावर जगणारे ऱ्होडोस्पिरिलम नावाचे जिवाणू खातात. तिसऱ्या टाकीत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे दोघे मिळून अमोनियाचे नायट्रेट करतात, कारण बहुतेक पिकांना नायट्रोजन त्याच रूपात मानवतो. चौथ्या टप्प्यावर स्पिरुलिना (सायनोबॅक्टेरिया गटातले, खाता येणारे निळे-हिरवे शेवाळ) आणि पिके, आणि पाचव्या टप्प्यावर माणसे. याची चाचणी वास्तू बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात २००९ पासून चालते. तिथे बराच काळ माणसांच्या जागी उंदीर ठेवले जातात; त्यांच्या श्वासाशी टाक्यांचा मेळ बसतो का, हे आधी बघायचे असते.

प्रत्येक टाकी वेगळी असल्याने एखादीचा वेग वाढला तर प्रवाह कमी करता येतो, एखादी आजारी पडली तर ती रिकामी करून पुन्हा भरता येते. बायोस्फियर-२ च्या मातीत हे शक्य नव्हते. काम फार सावकाश चालले आहे, हे खरे. तीन दशके उलटली तरी पूर्ण साखळी जोडून माणूस आत बसवलेला नाही. मला ही सावकाशी योग्य वाटते.

लघवी थेट पिकांना घातली तर?

माणूस दिवसाला सुमारे १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन टाकतो, आणि त्यातला बहुतेक लघवीतून. म्हणजे खत म्हणून ती मोलाची. घोटाळा मिठाचा आहे. आपण जेवढे मीठ खातो त्यातले जवळजवळ सगळे लघवीतून बाहेर पडते. उघड्या जगात पावसाचे पाणी ते वाहून नेते. बंद चक्रात मीठ कुठेच जात नाही, फेरीमागून फेरी पिकांच्या मुळांशी साचत जाते.

हा प्रश्न समजायला खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, शेतकऱ्याला एक मिनिटही लागत नाही. भरतीचे खारे पाणी बांधाने अडवायचे, मानशीची (बांधातल्या पाणी सोडा-अडवायच्या झडपेची) दारे वेळेवर उघडायची-मिटायची, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट भात पेरायचा, हे त्याच्या घरात चालत आलेले ज्ञान. मानस एक हंगाम नादुरुस्त राहिली तर शेत कसे खारे होते, हे मांडवी-जुवारीच्या काठावर अनेकांनी पाहिले आहे. अवकाशातल्या शेतालाही मानस लागेल. क्रास्नोयार्स्कच्या शास्त्रज्ञांनी यासाठी सॅलिकॉर्निया ही खाऱ्या दलदलीत वाढणारी, खाता येणारी वनस्पती तपासली. ती खारे पाणी पिते, मीठ आपल्या अंगात घेते आणि ते मीठ भाजीतून पुन्हा माणसाच्या ताटात येते. असे झाले की मिठाचेही चक्र पूर्ण होते. कोरगुटासारखी खारे सोसणारी भाताची वाणे या दृष्टीने कोणी तपासावीत, असे मला मनापासून वाटते.

किळस वाटणार नाही का?

सुरुवातीला वाटेल. पण आज आपण पितो त्या पाण्याचा कणही याआधी असंख्य प्राण्यांच्या शरीरातून गेलेला आहे.

नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) जेवण कसे होणार?

हसू नका, हा गंभीर प्रश्न आहे आणि गोव्यात तो दर वेळी येतो. मासे थंड रक्ताचे असतात, शरीर उबदार ठेवायला त्यांना अन्न जाळावे लागत नाही, आणि पाण्यात तरंगत असल्याने अंग पेलायलाही कमी ऊर्जा लागते. त्यामुळे दिलेल्या खाद्याचे मांस करण्यात ते गाय-बकरीपेक्षा फार सरस. १९९४ मध्ये कोलंबिया यानात मेदाका या छोट्या जपानी माशाने अंडी घातली आणि ती अवकाशातच उबली. फ्रान्समध्ये समुद्री माशांची अंडी चंद्रावर नेता येतील का, यासाठी ती प्रक्षेपणाच्या कंपनांत टिकतात का याच्या चाचण्या झाल्या आहेत.

तरी पहिल्या वस्त्यांत मासळी रोज मिळणार नाही. माशाला खाद्य लागते आणि ते पिकांतूनच काढावे लागते. बीजिंगमधल्या बेहांग विद्यापीठाने युएगोंग-१ या बंद वास्तूत दुसरा मार्ग घेतला. २०१७-१८ मध्ये चार-चार विद्यार्थ्यांच्या दोन गटांनी पाळीपाळीने मिळून ३७० दिवस त्यात काढले. तिथे पिकांचा न खाण्याजोगा भाग मीलवर्म नावाच्या, एका भुंग्याच्या पिवळ्या अळ्यांना घालत आणि त्या अळ्या प्रथिने म्हणून जेवणात वापरत. लागणाऱ्या वस्तूंपैकी ९८ टक्क्यांहून जास्त आतच फिरल्याचे त्यांनी सांगितले. सुंगटांची (कोळंबीची) चव अळीला येणार नाही, पण काड आणि पाला थेट प्रथिनांत बदलणे ही मोठीच सोय आहे. कुजवण्याचा एक पूर्ण टप्पा वाचतो.

गुरुत्वाकर्षण नसेल तर झाडे वाढतात का?

वाढतात. देठ उजेडाकडे वळतो. अवकाश स्थानकात व्हेजी नावाच्या छोट्या वाफ्यात वाढवलेला लाल रोमेन लेट्यूस अंतराळवीरांनी १० ऑगस्ट २०१५ रोजी खाल्ला. २०२१ मध्ये तिथे मिरच्याही आल्या. अवघड असते ते पाणी. ते खाली झिरपत नाही, मुळांभोवती पडद्यासारखे चिकटते आणि मुळे गुदमरतात. गरम हवा वर जात नाही, म्हणून पंखा नसेल तर पानाभोवतीची हवा तिथेच साचून राहते.

आणखी एक गोष्ट हवेची. १९९६-९७ मध्ये रशियाच्या मीर अवकाश स्थानकात बुटका गहू लावला. ओंब्या भरपूर आल्या, दाणा एकही नाही. संशय गेला इथिलीनवर. हा तोच वायू ज्याने केळीचा घड पिकतो. बाहेर तो उडून जातो. बंद केबिनमध्ये साचला आणि परागकण वांझ झाले असावेत. पुढे ॲपोजी नावाचे गव्हाचे दुसरे वाण लावल्यावर तिथे दाणे धरले.

बुरशीचे काय? इथे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते.

तिथेही येते. अवकाश स्थानकात २०१५ च्या अखेरीस झिनियाची रोपे पाणी जास्त झाल्याने बुरशीने पोखरली. अंतराळवीराने वेळापत्रक बाजूला ठेवून स्वतःच्या नजरेने पाणी द्यायला घेतले तेव्हा उरलेली फुलली. सगळे निर्जंतुक करणे हा उपाय नाही, कारण कुजवायला जिवाणूच लागतात. उपयोगी जिवाणूंनी जागा आधी व्यापलेली असली तर रोगट बुरशीला शिरकाव कमी मिळतो, या दिशेने संशोधन चालते.

चंद्राची माती वापरता येईल?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलो मोहिमांत आणलेल्या चांद्रधुळीत एक छोटी रानमोहरीसारखी वनस्पती वाढवून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. बी रुजले, पण रोपे खुरटी राहिली आणि त्यांच्यावर ताणाच्या खुणा होत्या. त्या धुळीत सेंद्रिय काहीच नाही. मंगळाच्या मातीत तर परक्लोरेट नावाची रसायने आहेत, ती विषारी. २००८ मध्ये फिनिक्स यानाला ती सापडली. सुरुवातीला पाण्यातली शेतीच बरी.

भारत यात कुठे आहे?

सुरुवात झाली आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० वरून इस्रोने क्रॉप्स नावाची छोटी बंद पेटी पाठवली. तीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत कोंब आले आणि मग पाने फुटली. आपल्याकडे अळसांदे ज्याला म्हणतात तीही चवळीच, त्यामुळे ही बातमी सांगितली की समोरचे चेहरे खुलतात. चवळी हवेतला नायट्रोजन मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने बांधते, हा तिचा दुसरा गुण.

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर गेले तेव्हा धारवाडच्या संस्थांचा मूग-मेथी मोडवण्याचा प्रयोग त्यांच्याकडे होता. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो सायनोबॅक्टेरियाचा: स्पिरुलिनाला नायट्रेटऐवजी युरिया दिला तर ती अवकाशात कशी वाढते, हे बघायचे होते. युरिया म्हणजे लघवीतला मुख्य घटक. मोड आलेल्या मेथीचे फोटो छान येतात, पण वस्ती टिकायची तर या दुसऱ्या प्रयोगाचे उत्तर हवे.

गोव्याचा याच्याशी काही संबंध?

आहे, अंटार्क्टिकामार्गे. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्यातूनच निघाली. आज तिथल्या मैत्री आणि भारती या भारतीय केंद्रांचा कारभार वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. महिनोन् महिने बाहेरून काहीही येत नाही, कचरा इकडे-तिकडे टाकता येत नाही, हिवाळ्यात मोजकी माणसे एकत्र राहतात: अवकाशवस्तीची इतकी जवळची तालीम पृथ्वीवर क्वचितच मिळेल. अंटार्क्टिकातल्याच जर्मनीच्या नोयमायर-३ केंद्राजवळ २०१८ मध्ये मातीविना चालणाऱ्या हरितगृहात १२.५ चौरस मीटर जागेतून साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी निघाली. फ्रान्स-इटलीच्या कॉन्कॉर्डिया केंद्रात २००५ पासून आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी युरोपीय अवकाश संस्थेच्या तंत्राने पुन्हा वापरतात. भारतीय केंद्रांत असे जैविक प्रयोग मोठ्या प्रमाणावर व्हावेत, आणि त्यांत ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाव मिळावा. ही मागणी मी प्रत्येक ठिकाणी करतो, इथेही करतो.

शाळेत काही करून बघता येईल?

घट्ट झाकणाची मोठी काचेची बरणी घ्या. तळ्याचा थोडा गाळ, तळ्याचेच पाणी, पाण्यातल्या वनस्पतीच्या दोन-तीन काड्या आणि एक-दोन बारीक गोगलगायी. नळाचे क्लोरिनवाले पाणी नको. वरचा पाव भाग हवेसाठी रिकामा ठेवा, झाकण लावून कडेने मेण ओता. थेट उन्हात ठेवू नका, खिडकीपासून दोन हात आत ठेवा. अशा तीन बरण्या करा: एकीत गाळ नेहमीइतका, दुसरीत दुप्पट, तिसरीत गाळाबरोबर मूठभर शेणखत. पाण्याचा रंग, गोगलगायी पृष्ठभागाशी येतात का, काचेवर शेवाळ किती चढते, हे रोज एका वेळी वहीत लिहा. खताची बरणी बहुधा सगळ्यात आधी काळवंडेल. का, ते मुलांना बायोस्फियर-२ ची हकीकत सांगण्याआधी विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग बंद राहणार असेल तर प्रयोग जूनमध्ये सुरू करा. मेलेली बरणी उघडताना ती वर्गाबाहेर न्या. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो, त्यामुळे झाकण शिक्षकांनीच काढावे.